सरकणारा थर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात नवा कॉम्प्युटर आला, त्या दिवशी सारांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि खोलीच्या दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. परदेशी वस्तूंवरची बंधनं नुकतीच सैल होत होती. तंजावूरच्या जुन्या बस स्टँडजवळ एकामागून एक एसटीडी बूथ उघडत होते, शेजाऱ्यांच्या गच्चीवर केबलची तार आली होती, आणि ज्या यंत्राबद्दल आम्ही फक्त वाचलं होतं ते आता आमच्याच खोलीत घुमत बसलं होतं. खोलीला एअरकंडिशनर होता. त्यामुळे विभागातल्या प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी तिथे काहीतरी काम निघायचं.

सार म्हणजे माझे गाईड. आमच्याकडे ‘सर’चा उच्चार ‘सार’ होतो आणि तो मला अजून सोडता आलेला नाही. ते तिरुवैयारूहून रोज टाउन बसने येत, खिडकीजवळची जागा मिळाली की दिवसभर खुशीत असत, आणि न मिळाली तरीही फार वेळ नाखूश राहणं त्यांना जमत नसे. त्यांच्याकडे संशोधन करणाऱ्या आम्ही दोघी. मी तंजावूरची, कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या मराठी घरातली. घरी आमची जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ, कॉलेजात इंग्रजी. मराठी बोलायला यायची, पण लिहिता-वाचता एक अक्षर येत नव्हतं. दुसरी माझी मैत्रीण. ती ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातून यायची. घरी भातशेती, आणि कॉलेजची पायरी चढलेली त्यांच्या घरातली ती पहिलीच. मी घाईची, ती संथ. मी उत्तराकडे धावायची, ती प्रश्नापाशी उभी राहायची. आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये व्हायचं. इथे ते मी मराठीत मांडते आहे, पण तिचा तो ‘एन्नडी’ तसाच ठेवते. ‘काय गं’ म्हणून त्याची मजा येत नाही.

काम होतं ते जमिनीच्या पोटातलं चित्र काढायचं. कावेरीच्या खोऱ्यात तेल आणि वायू शोधणारी माणसं शेतात एका रेषेत भोकं पाडत, त्यात छोटे स्फोट करत, आणि त्या धक्क्याची लाट खाली जाऊन खडकांच्या थरांवरून परत कशी येते ते जमिनीवर ठेवलेल्या यंत्रांनी टिपत. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीवरून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तसंच हे. फक्त इथे शेकडो प्रतिध्वनी एकमेकांत मिसळलेले असतात. ते सोडवायचं काम कॉम्प्युटरचं. त्याच्या आत आपण एक खोटी जमीन तयार करायची, स्फोटाची लाट तिच्यात खाली सोडायची, टिपलेले प्रतिध्वनी उलट्या क्रमाने वरून परत आत पाठवायचे, आणि या दोन लाटा जिथे जिथे जुळतात तिथे थर आहे असं समजून काळं करायचं. सारांना हे समजावून सांगायला फार आवडायचं. “भूमीदेवीचा एक्स-रे,” असं ते प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत.

ओरत्तनाडूच्या पलीकडून गेलेल्या अशा एका रेषेच्या नोंदी आम्हाला एका तेल कंपनीने अभ्यासाला दिल्या होत्या. त्या देणारी अधिकारी बाई मूळ नागपूरची. तेव्हा त्या धंद्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मी तिला पाहिलं नव्हतं, पण फोनवर तिच्याशी बोलताना सार खुर्चीवरून अर्धे उठून उभे राहत. “नवरात्रात मी तिकडे येते आहे,” तिने सांगितलं होतं, “तेव्हा काय ते दाखवा.”

नवरात्राच्या बऱ्याच आधी आमचं पहिलं चित्र छापून निघालं. प्रिंटर करकरत, दोन्ही बाजूंना भोकं असलेला लांब कागद बाहेर ढकलत होता आणि आम्ही तिघं वाकून बघत होतो. वरचे थर आले, पुसट, थोडे थरथरलेले. मग बराच वेळ करडी धूळ. आणि मग अगदी खाली, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काळाभोर, ठसठशीत पट्टा.

सार कागदावर आणखी वाकले. मग त्यांनी टाळी वाजवली. “एवढा खोल! एवढा स्पष्ट! आजवर कुणीच हे बघितलेलं नाही!”

दुसऱ्या दिवशी ते तिरुवैयारूहून अशोका हलव्याचा भलामोठा पुडा घेऊन आले. तुपाने कागद पारदर्शक झाला होता. तो पिवळाजर्द, चिकट हलवा साऱ्या विभागात वाटला गेला. मग सार एसटीडी बूथमध्ये शिरले आणि काचेच्या दाराआड हातवारे करत त्यांनी त्या बाईंना बातमी दिली. बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, “मॅडम म्हणाल्या, ‘इंटरेस्टिंग.’” हा शब्द त्यांनी दिवसभरात अनेकांना सांगितला.

माझी मैत्रीण मात्र हलवा खातानाही तो कागद बघत होती.

“एन्नडी,” ती म्हणाली, “हा थर इतका सरळ कसा गं?”

“असतो एखादा सरळ.”

“वरचे सगळे वाकडे आहेत. हा एकटाच पट्टीने आखल्यासारखा. आणि नेमका आपली जमीन जिथे संपते तिथेच.”

‘आपली जमीन’ म्हणजे कॉम्प्युटरमधली. खरी जमीन कुठे संपत नाही. स्फोटाची लाट खाली खाली जाते, बाजूंना पसरते आणि विरून जाते. पण यंत्राची मेमरी ती किती! म्हणून आम्ही जमिनीचा एक चौकोनी तुकडा घेतला होता, आणि त्या चौकोनाच्या पलीकडे काहीच नव्हतं. लाटेला मात्र हे कोण सांगणार? ती काठापर्यंत पोचली की भिंतीवर चेंडू आपटावा तशी माघारी फिरत होती. हे होऊ शकतं असं आम्ही वाचलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्या थरासाठी हलवा वाटला गेला त्याच्याकडे बोट दाखवणं वेगळं.

“तपासून बघू,” मी म्हणाले. मला खात्री होती की तो थर खरा निघणार.

युक्ती सोपी होती. चौकोनाचा तळ आणखी खाली न्यायचा. मेमरी पुरत नव्हती, म्हणून आम्ही त्याची रुंदी कापली आणि खोली वाढवली. खडकांचा थर असेल तर तो आहे तिथेच राहील. आम्ही खोली किती धरतो याच्याशी खडकांना काय देणंघेणं! सकाळी यंत्र चालू केलं, दुपारच्या जेवणानंतर कागद बाहेर आला. वरचे थर होते तिथेच होते. तो काळा पट्टा मात्र तळाबरोबर खाली सरकला होता.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आम्हाला हसू फुटलं. रडायला हवं होतं खरं तर. पण तो पट्टा असा आज्ञाधारकपणे खाली जाऊन बसला होता की हसू आवरेना. आम्ही तोंडावर ओढणी धरून हसलो. मग एकदम गप्प झालो, कारण हे सारांना सांगायचं होतं.

“तू सांग,” मैत्रीण म्हणाली.

“शोधलंस तू.”

“मी विचारलं फक्त. शोधलंस तू.”

शेवटी दोघी मिळून गेलो. सार डबा खात होते. दहीभात, लिंबाचं लोणचं. आम्ही दोन्ही कागद त्यांच्या डब्याशेजारी पसरले. त्यांनी एक पाहिला. दुसरा पाहिला. घास हातातच राहिला.  प्राचार्य, कँटीनवाला, नागपूरच्या बाई, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

मग सारांचं पोट हलायला लागलं. आधी आवाजच येईना, नुसते खांदे हलत होते. “म्हणजे,” ते कसेबसे म्हणाले, “आपण कॉम्प्युटरच्याच तळाचा शोध लावला! आणि मी हलवा वाटला!” डोळे पुसत त्यांनी घास पुरा केला. “बरं झालं, आपल्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.”

त्याच संध्याकाळी ते पुन्हा बूथमध्ये गेले. आम्ही काचेबाहेर उभ्या. या वेळी हातवारे नव्हते, बोलणंही थोडक्यात झालं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. “मॅडम म्हणाल्या, ‘अशा थरावर मी स्वतः एकदा फसले आहे. आता ती भिंत पाडा. मी येतेच आहे.’”

भिंत पाडा म्हणणं सोपं. चौकोन मोठा करत जावं तर मेमरी संपत होती. म्हणजे चौकोन तेवढाच ठेवून, काठावर आलेली लाट परत फिरू नये असं काहीतरी करायला हवं होतं. आम्ही ठरवलं की काठालगत चारी बाजूंनी एक पट्टा सोडायचा आणि त्यात शिरलेल्या लाटेचा जोर प्रत्येक पावलाला कमी करायचा. लाट काठाला पोचेपर्यंत तिच्यात परत यायचं त्राणच उरणार नाही. वरची बाजू तेवढी मोकळी ठेवली, कारण तिथे खरीच जमीन संपून आकाश सुरू होतं.

पहिल्यांदा आम्ही जोर थेट निम्म्यावर आणला. खालचा काळा पट्टा गेला. आम्ही टाळ्या पिटल्या. आणि मग दिसलं की त्याच्या थोडा वर, जिथे आमचा विझवायचा पट्टा सुरू होत होता, तिथे नवा काळा पट्टा उगवला आहे. म्हणजे लाट आता भिंतीवरून नाही, तर आमच्या औषधावरूनच परत फिरत होती. मला वाटलं, औषध कमी पडलं. मी ते वाढवलं. नवा पट्टा आणखी गडद झाला. मी पट्ट्याची रुंदी बदलली, कोपरे बदलले, एकदा चिडून यंत्रच बंद करून घरी निघून गेले. मैत्रीण रोज नवा आकडा, म्हणजे पावलागणिक लाटेचा किती जोर शिल्लक ठेवायचा तो, घालायची, चित्र निघायचं, ती त्यावर पेन्सिलीने आकडा लिहायची आणि भिंतीला लावायची. खोलीच्या भिंती त्या फसलेल्या जमिनींनी भरून गेल्या. एअरकंडिशनरच्या वाऱ्याने त्या फडफडायच्या.

असंच एकदा मी बाहेर कॉफी घेऊन उभी असताना ती दारात आली. तिच्या पायात चपला नव्हत्या, तशीच उन्हात आली होती.

“एन्नडी, मी चुकले.”

“काय झालं?”

“पॉइंट पाच नऊ घालायचं होतं. मी पॉइंट नऊ पाच घातलं.”

“मग परत चालव.”

“नको,” ती म्हणाली. “तू आधी येऊन बघ.”

कॉफी तशीच कट्ट्यावर ठेवून मी आत गेले. कागदावर, जिथे रोज तो गडद पट्टा असायचा, तिथे फक्त एक फिकी सावली होती. लाटेचा जोर पावलागणिक निम्मा करण्याऐवजी तिने जेमतेम कमी केला होता, आणि त्यामुळेच लाटेला वाटेत काही आडवं आलंय हे कळलंच नव्हतं. ती पट्ट्यात शिरली आणि आतल्या आत दमत गेली.

“म्हणजे आपण तिला फार जोरात धरत होतो,” मी म्हणाले.

“आणि ही उरलेली सावली? पट्टा अजूनही एकदम सुरू होतो म्हणून असेल का गं ती?”

“मग एकदम सुरूच करायचा नाही!”

आम्ही दोघी एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसलो आणि प्रोग्रॅम बदलला. पट्ट्याच्या आतल्या कडेला जवळजवळ काहीच करायचं नाही. मग लाट काठाकडे एकेक पाऊल पुढे जाईल तसा तिचा जोर किंचित अधिक ओढायचा, आणि अगदी काठाशी सगळ्यात जास्त. पुढे आम्हाला कळलं की जगात इतरांनी हे आधीच करून ठेवलं होतं. एका शोधनिबंधाची झेरॉक्स पोस्टाने आली, तिच्यात जवळपास आमचीच आकृती होती. पण त्या दुपारी ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हे किती छान झालं! कागद बाहेर आला तेव्हा खाली नुसती करडी धूळ होती. स्वच्छ, मोकळी. आम्ही तिच्याकडे असं बघत होतो, जसं कुणी सुंदर देखाव्याकडे बघावं. काहीच नसण्याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

नवरात्र आलं आणि नागपूरच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांची एक बट मुद्दाम न लपवलेल्या, पायात पुरुषी बूट. सारांनी ओळख करून देताना सांगितलं, “ही मराठी मुलगी आहे,” तशा त्या लगेच माझ्याकडे वळल्या.

“अरे वा! मराठी? इथे?”

“होय. आम्ही फार पूर्वीपासून येथेंच आहों,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मोठे केले. “आहों! पुन्हा बोल बरं.”

मला लाजल्यासारखं झालं, पण त्या माझी थट्टा करत नव्हत्या. हरवलेली वस्तू सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांच्यासमोर सगळं नव्याने चालवून दाखवायचं होतं. यंत्र सुरू झालं, पडद्यावर लाटेचं वर्तुळ पसरायला लागलं, सारांनी घसा खाकरून ‘भूमीदेवीचा’ एवढं म्हटलं आणि करंट गेला. यूपीएस थोडा वेळ कुंईकुंई करत राहिला आणि तोही थांबला. एअरकंडिशनर थांबला. खोलीत एवढी शांतता झाली की भिंतीवरचे कागद हलायचे थांबलेले कळले.

बाईच आधी हसल्या. “आमच्याकडेही हेच होतं,” त्या म्हणाल्या. “आता?”

करंट परत आला, पण सगळं पहिल्यापासून चालवायला हवं होतं. त्याला दुपार उलटणार. सार पुरते हिरमुसले होते. मी धीर करून म्हणाले, “मॅडम, आमचें घर जवळच आहे. तोंवर जेवायला या.”

यंत्र चालू करून, दाराला कुलूप लावून आम्ही चौघं दोन ऑटोंमधून घरी गेलो. आईला मी बूथवरून शेजारच्या घरी फोन करून निरोप दिला होता, तेवढ्याशा वेळात तिने जो स्वयंपाक केला तो मी आजही करू शकत नाही. बाहेरच्या खोलीत कोलू मांडला होता. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, देव, वाणी-वाणीण, लग्नाची वरात, सगळं जग. बाई त्यासमोर लहान मुलीसारख्या उकिडव्या बसल्या.

आईने पानं मांडली. आंबट भाजी, डांगर पचडी, पुरणपोळी. मग आतून मला हाक मारली, “अगो, करंडी विसरलें मी. करंडी आण, भात वाढायचा आहे.”

बाई चमकल्या. “भात करंडीत?”

मी आतून मोठा डाव घेऊन आले. त्यांनी डावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ही करंडी?”

“मग काय?” आई म्हणाली. “तुम्हांकडे करंडी कशास म्हणतात?”

“टोपलीला हो, ताई! कचऱ्याची करंडी!”

आईने कपाळावर हात मारला. “अय्यो! कचऱ्याचें भांडें तुम्हांस जेवायला आणवलें म्हणा की!” दोघी इतक्या हसल्या की आईला डाव खाली ठेवावा लागला. सार आणि मैत्रीण यातलं काही न कळता आमच्याकडे बघत होते. मी तमिळमध्ये सांगितलं तेव्हा तेही हसले, आणि मग प्रत्येक पदार्थाचं नाव दोन्हीकडे काय, याचा असा काही बाजार भरला की जेवण लांबतच गेलं. आमच्या घरात मराठी म्हणजे फक्त आमची, आत ठेवलेली गोष्ट होती. दूरहून आलेलं कुणीतरी पानावर बसून तीच बोलतंय हे बघताना आईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी एकटक पाहत राहिले.

कोलूपुढे पाहुणीने गायचं, ही आमची रीत. बाई म्हणाल्या, “मला गाणं येत नाही.” पण मग त्यांनी विदर्भात मुली त्याच दिवसांत म्हणतात ते भुलाबाईचं एक गाणं म्हटलं, सूर थोडा इकडे-तिकडे, टाळ्यांवर. आईला त्यातले निम्मे शब्द कळले असतील. दुसऱ्या कडव्यापासून तिनेही टाळी धरली. द्रोणांतून हरभऱ्याचं सुंडल वाटलं गेलं आणि सार घड्याळ बघायला लागले.

परतलो तेव्हा यंत्राचं काम झालेलं होतं. मैत्रिणीने छापायचा हुकूम दिला आणि प्रिंटर सुरू झाला. वरचे थर आले, धुवून काढल्यासारखे. मधली धूळ आली. तळ मोकळा आला. सारांनी श्वास सोडला. बाईंनी मात्र कागद उचलून खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. दुरून बघावं तसं, मान मागे घेऊन.

“इथे काय आहे?” त्या म्हणाल्या.

जिथे आधी तो खोटा काळा पट्टा होता, त्याला लागूनच वर, फिकट करड्यात, थरांच्या काही बारीक रेघा होत्या. आणि एका ठिकाणी त्या सगळ्या रेघा तुटून थोड्या खाली घसरल्या होत्या. एक तिरकी चीर. आम्हाला ती दिसलीच नव्हती. आम्ही सगळं लक्ष पट्टा गेला की नाही याच्यावर ठेवलं होतं.

“हेही खोटं असेल का?” मैत्रिणीने विचारलं. ती इंग्रजी शब्द जुळवत, हळू बोलली.

“तूच सांग,” बाई म्हणाल्या. “कसं तपासशील?”

“आम्ही तळ खाली नेऊन पाहिला होता. ते चित्र आहे इथे.” तिने भिंतीवरून एक कागद काढला. पट्टा गेल्यावर खात्रीसाठी आम्ही काढलेला. तळ आणखी खोल होता, चित्राची रुंदी कमी होती, पण ती चीर त्याच्या कडेला होती. अस्पष्ट, आणि त्याच खोलीवर. ती सरकली नव्हती.

बाईंनी आपली बॅग उघडली आणि एक गुंडाळी काढली. आमच्या रेषेला मध्येच छेदून जाणाऱ्या दुसऱ्या एका रेषेचं चित्र होतं ते, त्यांच्या मोठ्या यंत्रावर काढलेलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, आमचं त्याच्या शेजारी ठेवलं, आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोट ठेवलं. त्यांच्या चित्रातही तिथे एक चीर होती. आमची तिला येऊन मिळत होती, खोलीसकट.

सार खुर्चीत बसले. मैत्रिणीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाई मराठीत म्हणाल्या, “पोरींनो, कमाल केलीत,” आणि मग आठवून तेच इंग्रजीत सांगायला लागल्या, पण मैत्रीण म्हणाली, “पुरिंजदु.” कळलं.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते. त्या चिरेजवळ तेल निघालं का, असं लोक विचारतात. ते मला माहीत नाही, ती चौकशी आमच्यापर्यंत कधी आली नाही. मैत्रिणीला त्याच धंद्यात नोकरी लागली, तिने समुद्रातल्या जहाजांवरही काम केलं. मी तंजावुरातच राहिले, शिकवू लागले. बाई मला नागपूरहून पत्रं लिहायच्या, मुद्दाम मोठ्या, सुट्या देवनागरी अक्षरांत, आणि उत्तर मराठीतच मागायच्या. माझी पहिली पत्रं त्यांनी लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवली होती. हे जे लिहिते आहे, ते त्या लाल पेनाचंच देणं.

पण सगळ्यात आठवतो तो दुसरा दिवस. बाई म्हणाल्या, “ती जागा मला बघायची आहे.” सारांनी कारची व्यवस्था करायला घेतली तर त्या म्हणाल्या, बसने जाऊ. मग मैत्रीण रोज जायची त्या बसमध्ये आम्ही बसलो. सारांना खिडकी मिळाली. ओरत्तनाडूला उतरून दुसरी बस, मग बांधावरून चालत. सांबा हंगामातल्या भाताची लावणी नुकतीच झाली होती. पाण्यात उभी कोवळी रोपं, मध्ये मध्ये बगळे, वर ढगाळ उजेड. आमची रेषा मैत्रिणीच्या गावाजवळूनच गेली होती, आणि हे तिने आम्हाला तोपर्यंत सांगितलंही नव्हतं.

तिची आई शेतातच होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. पाहुणे बघून ती तशीच बांधावर आली आणि तिने घरून शहाळी मागवली. बाईंनी बूट काढून पिशवीत टाकले होते. नकाशा आणि गावाबाहेरची विहीर, यांचा मेळ घालून त्यांनी एका जागी बोट दाखवलं. “साधारण इथे. अगदी इथे, खाली.”

मैत्रिणीच्या आईने मला विचारलं, “काय आहे म्हणतात त्या?”

मी बाईंना विचारून तमिळमध्ये सांगितलं, की खूप खूप खोल, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, इथली जमीन तुटून एका बाजूने खाली घसरली होती, आणि ती जागा तुमच्या लेकीने शोधली.

तिने आपल्या शेताकडे नजर टाकली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मग लेकीकडे पाहिलं.

“आता तर नाही ना घसरत?” तिने विचारलं. “कालच लावणी संपवली आहे.”

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बगळे उडाले. “नाही म्हणावं. निवांत राहा.” ते मी तमिळमध्ये सांगितलं. तिने मान डोलावली, शहाळं बाईंच्या हातात दिलं, आणि लेकीच्या गालावर चिखलाच्या हाताने एक चापट मारली, लाडाची. मैत्रिणीने तो चिखल पुसला नाही. आम्ही बांधावर ओळीने बसून शहाळी प्यायलो आणि सार, एक हात नकाशावर ठेवून, तिच्या आईला पहिल्यापासून समजावून सांगू लागले.